नळीतला बुडबुडा

(पिण्याचे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसले तरी ते शुद्ध असेलच असे नाही. मग त्याची परीक्षा कशी करतात? साखरेच्या मदतीने पाण्यातील जीवाणू कसे ओळखतात, याची माहिती लेखकाने या पाठात स्वतःच्या अनुभवाच्या आधारे दिली आहे.)

आमच्या मोहल्ल्यात एक जुनी विहीर आहे. शेजारच्या खालांच्या सासऱ्यांनी ती खोदली. नळाला पाणी आले नाही की सगळी गल्ली त्या विहिरीवर येते. खाला कोणालाही नाही म्हणत नाहीत. घागर भरून देताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसते.

एका पावसाळ्यात माझ्या नववीच्या वर्गातील सात मुले एकाच आठवड्यात गैरहजर राहिली. चौकशी केली, तेव्हा कळले की सर्वांना जुलाब होत होते. त्यांपैकी सहा मुले आमच्याच गल्लीतील होती. मला शंका आली. संध्याकाळी मी खालांकडे गेलो.

मी म्हणालो, "खाला, विहिरीचे पाणी एकदा तपासून घेऊ या."

खालांना वाईट वाटले. त्या म्हणाल्या, "बेटा, पाणी आरशासारखे आहे. तळाचा खडा दिसतो. हे पाणी पिऊनच माझे केस पिकले. तुझे अब्बाही हेच पाणी प्यायले. आता तुला त्यात दोष दिसू लागला?"

मी काही बोललो नाही. खालांचे म्हणणे खोटे नव्हते. पाणी खरोखरच स्वच्छ दिसत होते. पण 'दिसते' आणि 'असते' यांत फरक असतो, हेच तर मी वर्गात रोज शिकवत होतो.

दुसऱ्या दिवशी आरोग्य सेवकांनी मला एक निर्जंतुक केलेली बाटली दिली. बाटलीला दोरी आणि वजन बांधून आम्ही ती विहिरीत सोडली. तोंडाला हात न लावता बूच बसवले. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली आणि चार विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मी जिल्ह्याच्या गावी प्रयोगशाळेत गेलो. पाण्याचा नमुना लवकरात लवकर पोहोचवावा लागतो. उशीर झाला तर बाटलीतील जीवाणूंची संख्या बदलते आणि निकाल चुकतो.

प्रयोगशाळेतील ताईंनी आमचे स्वागत केले. माझ्या एका विद्यार्थ्याने लगेच विचारले, "ताई, सूक्ष्मदर्शकातून पाहिले की जंतू दिसतीलच ना?"

ताई हसून म्हणाल्या, "दिसतील, पण ओळखू येणार नाहीत. एक तर एवढ्या पाण्यात जीवाणू मूठभरच असतात. ते शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. दुसरे असे की, विषमज्वराचा जीवाणू आणि आपल्या आतड्यात नेहमी राहणारा ई. कोलाय हा जीवाणू, दोघेही आखूड काडीसारखे दिसतात. जुळ्या भावांपैकी कोण कोणता, हे चेहऱ्यावरून कसे सांगणार?"

"मग तुम्ही कसे सांगता?"

"त्यांच्या खाण्यावरून! कोणाला कोणती साखर पचते, हे पाहून आम्ही त्यांना ओळखतो."

मुलांना ही गोष्ट गमतीची वाटली. ताईंनी विचारले, "तुमच्या घरी दही लावतात का? आणि नानसाठी पीठ भिजवतात का?"

"हो," सर्वांनी एकदम सांगितले.

"दही लावताना आपण दुधात विरजण घालतो. विरजणातील जीवाणू दुधातील साखर खातात आणि आम्ल तयार करतात. म्हणून दही आंबट होते, पण ते फुगत नाही. नानच्या पिठात खमीर घातले की पीठ फुगते. खमिरातील सूक्ष्मजीव साखर खाऊन वायू सोडतात. हवेशिवाय साखरेचे असे विघटन होण्याच्या क्रियेला किण्वन म्हणतात. किण्वनाच्या दोन खुणा लक्षात ठेवा. एक आम्ल आणि दुसरी वायू. काही जीवाणू फक्त आम्ल तयार करतात, काही आम्ल आणि वायू दोन्ही तयार करतात, तर काहींना ती साखर पचतच नाही."

नंतर ताईंनी आम्हांला एक परीक्षानळी दाखवली. तिच्यात लाल रंगाचा पारदर्शक द्रव होता. त्या द्रवात एक लहानशी काचेची नळी उलटी बुडालेली होती. ताईंनी समजावून सांगितले, "या द्रवाला संवर्धन माध्यम म्हणतात. माध्यम म्हणजे जीवाणूंसाठी तयार केलेले जेवण. यात चार वस्तू आहेत. पहिली पाणी. दुसरी पेप्टोन, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे. पेप्टोनवर बहुतेक जीवाणू वाढतात. तिसरी वस्तू म्हणजे साखर, पण एकच, साधारण शंभरात एक भाग. एका नळीत ग्लुकोज, दुसरीत लॅक्टोज, तिसरीत सुक्रोज. दोन साखरा एकत्र केल्या, तर कोणती साखर खाल्ली हे कसे कळणार? चौथी वस्तू म्हणजे फिनॉल रेड नावाचा दर्शक. आम्ल तयार झाले की त्याचा लाल रंग पिवळा होतो."

"आणि ही उलटी नळी कशाला?"

"ती डरहॅम नळी. हर्बर्ट डरहॅम या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९८ साली ही युक्ती सुचवली. माध्यम वाफेच्या दाबाखाली तापवून निर्जंतुक करतात. तेव्हा लहान नळीतील हवा निघून जाते आणि ती द्रवाने पूर्ण भरते. पुढे जीवाणूंनी वायू सोडला, तर तो नळीच्या टोकाशी अडकतो आणि बुडबुडा दिसतो. किती साधी युक्ती आहे पाहा! मात्र साखरेचे माध्यम फार तापवून चालत नाही. जास्त उष्णतेने साखरच बिघडते. म्हणून ते थोड्या कमी तापमानाला, सुमारे ११५ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करतात."

ताईंनी फळ्यावर लिहून दाखवले :

ई. कोलाय : ग्लुकोजमध्ये आम्ल आणि वायू. लॅक्टोजमध्येही आम्ल आणि वायू.
विषमज्वराचा जीवाणू : ग्लुकोजमध्ये फक्त आम्ल, वायू नाही. लॅक्टोजमध्ये काहीच बदल नाही.
पटकीचा जीवाणू : ग्लुकोज आणि सुक्रोज दोन्हींत आम्ल, वायू नाही.

"असा फरक का पडतो?" एका मुलीने विचारले.

"लॅक्टोज ही दोन साखरांची जोडी आहे. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांचे रेणू त्यात जोडलेले असतात. ही जोडी तोडायला एक खास विकर लागते. ई. कोलायकडे ते आहे, विषमज्वराच्या जीवाणूकडे नाही. कुलूप आहे, पण किल्ली नाही, असे समजा. वायूचेही तसेच. किण्वनात फॉर्मिक आम्ल तयार होते. ई. कोलाय ते फोडून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन हे वायू तयार करतो. विषमज्वराच्या जीवाणूला ते फोडता येत नाही. म्हणून त्याच्या नळीत बुडबुडा येत नाही."

ताईंनी आणखी एक महत्त्वाची सूचना दिली. प्रत्येक प्रयोगात एक नळी जीवाणू न घालता तशीच ठेवतात. तिला नियंत्रण नळी म्हणतात. तिचा रंग बदलला, तर माध्यमातच दोष आहे असे समजावे. तसेच निकाल वेळेवर पाहावा लागतो. साखर संपली की जीवाणू पेप्टोन खाऊ लागतात. त्यातून अमोनिया तयार होतो आणि पिवळा झालेला रंग पुन्हा लाल होऊ शकतो. उशिरा पाहणारा माणूस मग म्हणतो, "काही झालेच नाही!"

आता आमच्या बाटलीची पाळी आली. ताई म्हणाल्या, "पाण्यात विषमज्वराचे किंवा पटकीचे जंतू थेट शोधणे कठीण असते. ते कधी असतात, कधी नसतात. म्हणून आम्ही साक्षीदार शोधतो. ई. कोलाय माणसांच्या आणि गुराढोरांच्या आतड्यात फार मोठ्या संख्येने राहतो. जर्मनीत काम करणाऱ्या थिओडोर एशेरिश या डॉक्टरांनी १८८५ साली त्याचे वर्णन केले. या जीवाणूचे बहुतेक प्रकार आपल्याला त्रास देत नाहीत. पण तो पाण्यात सापडला, तर त्या पाण्यात विष्ठा मिसळली आहे हे नक्की होते. आणि जेथे विष्ठा मिसळते, तेथे आजाराचे जंतूही कधीतरी येतातच."

या कामासाठी आल्फ्रेड मॅकॉन्की यांचे माध्यम वापरतात. मॅकॉन्की इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे सांडपाण्याच्या प्रश्नावर काम करत होते. त्यांनी विचार केला, की आतड्यात राहणाऱ्या जीवाणूंना पित्ताची सवय असते, इतर अनेक जीवाणूंना ती नसते. म्हणून त्यांनी माध्यमात पित्तक्षार घातले. त्यामुळे नको असलेल्या पुष्कळ जीवाणूंची वाढ थांबते. शिवाय त्यांनी लॅक्टोज आणि दर्शक घातला. म्हणजे एकच माध्यम दोन कामे करू लागले. ते निवडही करते आणि ओळखही पटवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालेले हे माध्यम आजही जगभर वापरले जाते.

ताईंनी जांभळ्या माध्यमाच्या पंधरा नळ्या मांडल्या. पहिल्या पाच नळ्यांत आमच्या विहिरीचे दहा दहा मिलिलिटर पाणी घातले. पुढच्या पाच नळ्यांत एक एक मिलिलिटर आणि शेवटच्या पाच नळ्यांत एक दशांश मिलिलिटर घातले. पहिल्या पाच नळ्यांतील माध्यम दुप्पट दाट होते. सरबतात पाणी ओतले की ते फिके होते, तसे माध्यम फिके पडू नये म्हणून ही काळजी. नंतर सर्व नळ्या ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या पेटीत ठेवल्या. हे आपल्या शरीराचे तापमान आहे.

"आता ४८ तास थांबायचे," ताई म्हणाल्या. "घाई करणाऱ्याला ही विद्या येत नाही."

दोन दिवसांनी आम्ही परत गेलो. मुले पेटीजवळ दाटीने उभी राहिली. पहिल्या पाचही नळ्या पिवळ्या झाल्या होत्या. प्रत्येकीच्या डरहॅम नळीत बुडबुडा होता. दुसऱ्या पाचांपैकी चार आणि तिसऱ्या पाचांपैकी एक नळीही तशीच होती. नियंत्रण नळी मात्र जांभळीच राहिली होती. ताईंनी ५, ४, १ हे आकडे एका तक्त्यात पाहिले आणि सांगितले, "शंभर मिलिलिटर पाण्यात अशा जीवाणूंची संभाव्य संख्या १७०. पण अजून निकाल देणार नाही. लॅक्टोज पचवणारे काही जीवाणू माती आणि झाडपाल्यातही असतात. खात्री करावी लागेल."

त्यांनी पिवळ्या नळ्यांतील थेंब नव्या नळ्यांत घालून ते ४४ अंश तापमानाला ठेवले. या उष्णतेत ई. कोलाय वाढतो आणि वायू सोडतो. इतर बरेच जीवाणू तेथे मागे पडतात. एक थेंब त्यांनी मॅकॉन्की अगरच्या बशीवरही ओढला. अगर हा समुद्री शेवाळापासून मिळतो. तो माध्यमाला जेलीसारखे घट्ट करतो. फॅनी हेसे या बाईंनी १८८१ साली तो सुचवला, तेव्हा त्यांचे पती रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. आधी वापरले जाणारे जिलेटिन उन्हाळ्यात वितळून जाई. फॅनीबाई घरी जेली करताना अगर वापरत. स्वयंपाकघरातील तो अनुभव विज्ञानाच्या कामी आला!

दुसऱ्या दिवशी बशीवर गुलाबी लाल ठिपके उठले. प्रत्येक ठिपका म्हणजे लाखो जीवाणूंची एक वसाहत. गुलाबी रंग सांगत होता, की यांनी लॅक्टोज पचवून आम्ल केले आहे. लॅक्टोज न पचवणाऱ्यांच्या वसाहती फिकट, रंगहीन दिसतात. ४४ अंशांवरच्या नळ्यांतही बुडबुडे आले. शंका उरली नाही. आमच्या विहिरीत ई. कोलाय होता. भारतीय मानकानुसार पिण्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात तो एकही सापडता कामा नये.

कागद घेऊन मी खालांकडे गेलो. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला. मग हळूच विचारले, "म्हणजे माझ्या विहिरीने मुलांना आजारी पाडले?"

"विहिरीचा दोष नाही, खाला," मी म्हणालो. "घाण बाहेरून आली आहे. ती कोठून आली, ते शोधू."

रविवारी मुलांनी टेप घेऊन विहिरीभोवतीची मापे घेतली. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट, म्हणजे सुमारे पंधरा मीटर दूर असावा लागतो. पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी वर येते आणि जवळच्या खड्ड्यातील घाण विहिरीत झिरपते. मुले मोजत मोजत माझ्याच घराच्या मागे आली आणि थांबली. टेपवर बावीस फूट दिसत होते. आदल्या वर्षी मी घर वाढवले, तेव्हा तो खड्डा मीच खणून घेतला होता. गवंड्याने जागा दाखवली आणि मी मान डोलावली. मोजायचे मला सुचले नव्हते.

विद्यार्थी माझ्याकडे पाहत होते. मला मान वर करवेना. इतरांच्या विहिरीवर शंका घेणारा मी, घाण मात्र माझ्याच अंगणातून जात होती. शेवटी मी म्हणालो, "मुलांनो, वहीत लिहा, बावीस फूट. मापन जसे आहे तसेच लिहायचे असते."

त्याच संध्याकाळी मी खालांसमोर जाऊन सर्व सांगितले. त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तपासायला तूच नेलेस ना? मग आता दुरुस्तही तूच कर."

पुढच्या तीन आठवड्यांत मी तो खड्डा उपसून बुजवला आणि घराच्या दुसऱ्या बाजूला, विहिरीपासून साठ फुटांवर नवा करून घेतला. त्या वर्षी घराला रंग देण्यासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. गल्लीत सर्वांनी पाणी उकळून प्यायला सुरुवात केली. आरोग्य सेवकांनी विहिरीचे पाणी मोजून दर हजार लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात ब्लिचिंग पावडर घेतली. ती बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला आणि वरचे निवळ पाणी विहिरीत सोडले. विहिरीचा कठडाही आम्ही उंच केला.

पावसाळा संपल्यावर आम्ही पुन्हा नमुना नेला. क्लोरीन घातलेल्या पाण्यासाठी या वेळी वेगळी बाटली मिळाली. तिच्यात सोडिअम थायोसल्फेट होते. ते उरलेला क्लोरीन निकामी करते, नाहीतर बाटलीत असतानाही तो जीवाणूंना मारत राहतो आणि पाणी खऱ्यापेक्षा चांगले ठरते. दोन दिवसांनी आम्ही पेटी उघडली. पंधराही नळ्या जांभळ्या होत्या. एकीतही बुडबुडा नव्हता.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. ताई म्हणाल्या, "आनंद करा, पण दर पावसाळ्यात पुन्हा या. आजचा निकाल आजच्या पाण्याचा असतो."

आता दर जूनमध्ये खाला स्वतःच विचारतात, "बेटा, बाटली कधी आणतोस?" त्या वाचायला शिकलेल्या नाहीत. पण पिवळी नळी वाईट आणि जांभळी चांगली, हे त्या गल्लीतल्या प्रत्येक सुनेला समजावून सांगतात.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या डोळ्यांना जे दिसत नाही, ते चिमूटभर साखर आणि एक लहानशी नळी दाखवू शकते. मात्र त्यासाठी निकाल कोणाच्याही विरुद्ध गेला, अगदी आपल्या स्वतःच्या विरुद्ध गेला, तरी तो मानण्याची तयारी हवी.

शब्दार्थ

जीवाणू – डोळ्यांना न दिसणारे अतिशय लहान सजीव
किण्वन – आंबण्याची क्रिया, खमीर उठणे
संवर्धन माध्यम – जीवाणू वाढवण्यासाठी तयार केलेले अन्न
निर्जंतुक – ज्यात एकही जंतू जिवंत नाही असे
दर्शक – रंग बदलून आम्लाची खूण दाखवणारा पदार्थ
विकर – सजीवांच्या शरीरातील क्रिया घडवून आणणारा पदार्थ
विषमज्वर – टायफॉइड
पटकी – कॉलरा, हैजा
वसाहत – वस्ती. येथे, एकत्र वाढलेल्या जीवाणूंचा ठिपका
शोषखड्डा – सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाला विहिरीच्या पाण्याची शंका का आली?
(आ) किण्वनाच्या दोन खुणा कोणत्या?
(इ) मॅकॉन्की यांनी माध्यमात पित्तक्षार का घातले?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) ई. कोलाय आणि विषमज्वराचा जीवाणू यांच्यातील फरक साखरेच्या मदतीने कसा कळतो?
(आ) डरहॅम नळीत बुडबुडा कसा दिसतो?
(इ) पिवळी नळी दिसल्यावरही ताईंनी लगेच निकाल का दिला नाही?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) एका नळीत एकच साखर घालतात.
(आ) प्रयोगात नियंत्रण नळी ठेवतात.
(इ) टेपवरचे आकडे पाहून लेखकाला मान वर करवेना.

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
गवताच्या गंजीत सुई शोधणे, मान डोलावणे, कामी येणे, पाळी येणे.

प्र. ५. 'मापन जसे आहे तसेच लिहायचे असते.' या वाक्याबद्दल तुमचे विचार आठ ते दहा ओळींत लिहा.

उपक्रम : तुमच्या घराजवळील विहीर किंवा हातपंप आणि जवळचा शोषखड्डा यांतील अंतर मोठ्या माणसांच्या मदतीने मोजा व वहीत नोंदवा.